खोकला ऐकू येईपर्यंत

वडगावात चौतीस वर्षं कांड्या भरल्या मी
मागांच्या खडखडाटात.
डावा कान त्यानं घेतला.
सगळा नव्हे, वरवरचा:
चिमण्या, चमचे, कुकरची शिट्टी
त्या बाजूनं येताना पाय पुसून येतात.

म्हणून परवा गणपत गल्लीत गेले,
पोराला न सांगता.
पाटी कानडीत, घासाघीस मराठीत,
आणि दुकानातलं पोरगं बोलतं तिसरंच काही:
ड्रायव्हर, बास, नॉइज कॅन्सल.
सोमलिंग नाव त्याचं.
"नोड्री अक्का, आता वायर कोण घेतं?
हे बघा, बिनतारी. डबीत ठेवलं की चार्ज."
म्हटलं, पानाची डबी आहे माझी एक,
तीच भरायची रोज विसरते.
मला धागा दाखव.

सात पसरल्या त्यानं काचेवर.
मी आधी कानाला नाही लावल्या.
सूत बघतात तशा बघितल्या,
नखावरून ओढून, पीळ उलटा सोडून,
पिनेच्या मानेशी वाकवून.
तुटायचं ते मानेशीच तुटतं.
तीन तिथंच बाद झाल्या.
सोमलिंग हसायचा थांबला.

गाणं माझं मीच नेलं होतं फोनमध्ये.
दुकानातलं गाणं नको,
ते दाखवायला आणलेल्या मुलासारखं, नीट बसतं, नीट बोलतं.
माझं म्हणजे मंगाईच्या देवळातलं,
नऊ वर्षांमागचं,
थोरली बहीण गातेय, अंबक्का,
भीमपलास, पेटीची काळी चार.
आता ती गोकाकला असते. गळ्याचं ऑपरेशन झालं.
आवाज राहिला,
वरचा षड्ज गेला.

पहिली, अडीचशेची:
तबला असा, की कुणी कानात गादी बडवतंय
आणि अक्का गादीखाली.
दुसरी लखलखीत, भांड्यांच्या दुकानासारखी.
'स' आला की टाचणी.
तिसरीत काही खोट सापडली नाही.
तेच खटकलं.

"हीच घ्या की," सोमलिंग म्हणाला,
मागं दोन गिऱ्हाइकं उभी.
चौथी दे, म्हटलं.
बोंडं बदलली. डाव्याला मोठं बसलं, उजव्याला लहान.
"कान जुळे नसतात अक्का,"
हे मात्र त्यानं शहाण्यासारखं सांगितलं.

डोळे मिटले.
आधी पेटीचा भाता,
त्याची ती फट कुरकुरायची, ती.
मग भिंत. देवळाची मागची भिंत किती लांब होती
ते कळलं, सूर तिला टेकून परत आला तेव्हा.
मग अक्कानं श्वास घेतला,
गाण्याच्या आधीचा,
जो कुणासाठी नसतो.
आणि अंतऱ्यात, सम यायच्या आत,
कुणीतरी खोकलं.

नऊ वर्षं ऐकतेय.
हा खोकला कधी नव्हता.

अठराशे म्हणाला. "दीड हजार दे."
"आगोदिल्ला अक्का."
सोळाशे पन्नासला तुटलं.
पन्नास परत द्यायला सुट्टे नव्हते त्याच्याकडं,
बोंडांची एक पुडी जास्त दिली.

दुकानाच्या पायरीवरूनच फोन लावला.
"अक्के, मंगाईला त्या दिवशी
अंतऱ्यात खोकलं कोण गं?"
पलीकडं गप्प.
मग तो खालचा, नवा आवाज,
दोन्ही कानांत सारखा:
"तूच की.
समेला दोन मात्रा होत्या.
अजून राग आहे मला."

चालतच निघाले.
वायरीला एवढ्यात गाठ पडली होती,
शहापूर येईपर्यंत सोडवली,
हात कामाचेच आहेत.
मग परत लावलं.
मागून रिक्षावाला भोंगा मारत होता म्हणे,
तो नंतर ओरडला तेव्हा कळलं.

अंतरा आला.
मी पदर धरला तोंडावर.